मुळं खणणारी माणसं, सोनं खणणारी माणसं

१८६९ सालचा फेब्रुवारी महिना. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी म्हणजे कडक उन्हाळा, बरं का! तिथल्या व्हिक्टोरिया प्रांतात मोलियागुल नावाचं एक छोटंसं गाव आहे. गावाजवळच्या रानात जॉन डीसन नावाचा माणूस एका झाडाच्या मुळाशी कुदळ मारत होता. खण्ण! असेल दगड, म्हणून त्यानं जरा बाजूला घाव घातला. पुन्हा खण्ण! हातानं माती सारून पाहतो तर आत पिवळंधमक सोनं. सोन्याचा कण नव्हता तो, खडाही नव्हता. चांगला दोन फूट लांब आणि फूटभर रुंद गोळा होता! जमिनीत तो किती खोल असेल, सांगा पाहू? जेमतेम तीन सेंटिमीटर. कंपासपेटीतली पट्टी काढा आणि बघा तीन सेंटिमीटर म्हणजे किती ते.

डीसननं आपला भागीदार रिचर्ड ओट्स याला हाक मारली. दोघांनी गोळा घरी नेला, त्याला चिकटलेली गारगोटी सुटावी म्हणून विस्तवात तापवला आणि मग डनॉली गावच्या बँकेत पोचवला. तिथं नवीच पंचाईत! एवढं धूड पेलेल असा तराजूच बँकेत नव्हता. शेवटी लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे केले, तेव्हा कुठं वजन झालं. नुसतं सोनं भरलं ७० किलोंहून जास्त. आपल्या आजीच्या हिशेबात सांगायचं तर सहा हजार तोळ्यांच्या वर! 'वेलकम स्ट्रेंजर' या नावानं हा गोळा जगभर गाजला. नदीच्या गाळमातीत सापडलेला एवढा मोठा गोळा दुसरा नाही. पण तुकडे लगेच वितळवले गेले, त्यामुळे आज आपल्याला पाहायला मिळतात त्या फक्त प्रतिकृती.

मला मात्र ७० किलोंपेक्षा त्या तीन सेंटिमीटरांचं जास्त नवल वाटतं. कारण त्या भागात माणसं काही काल-परवा आली नव्हती. मोलियागुलचं रान म्हणजे जा जा वुरंग लोकांची भूमी. ऑस्ट्रेलियाच्या या टोकाला माणसं किमान ४० हजार वर्षांपासून राहतात. तेवढ्या काळात किती पोरं त्या रानातून पळापळी करत गेली असतील! सोनं तर पायाखालीच होतं. मग त्यांनी ते का नाही काढलं? त्यांना जमीन खणता येत नव्हती का?

येत होती की! रोज खणत होती ती माणसं. पण खणत होती मरनाँगसाठी.

मरनाँग म्हणजे पिवळ्या फुलाचं एक छोटं रोप. त्याच्या बुडाशी पांढरट, गोडसर मुळं धरतात. बायका आणि मुलं हातात टोकदार काठ्या घेऊन निघायची, मुळं उकरायची, टोपल्या भरायची आणि जमिनीतल्या भट्टीत भाजून सगळी मिळून खायची. मात्र सगळीच्या सगळी मुळं कधी उपटायची नाहीत. थोडी मागं ठेवायची. उकरल्यामुळे माती भुसभुशीत राहायची, पाणी आत मुरायचं आणि पुढच्या हंगामात मरनाँग आणखी जोमानं यायची. कुणी नांगर धरला नव्हता, कुणी बांध घातले नव्हते, तरी मैलोन् मैल ते माळ म्हणजे या लोकांची शेतीच होती.

आणि सोन्याचं म्हणाल, तर ते घेऊन करायचं काय? शुद्ध सोनं मऊ असतं. त्याची कुऱ्हाड केली तर पहिल्याच घावाला धार वळेल. त्यांना मोलाचा होता तो एक हिरवट, चिवट दगड. आजच्या मेलबर्नच्या उत्तरेला माउंट विल्यम नावाचा डोंगर आहे. तिथल्या खाणीतला दगड घासून कुऱ्हाडीचं पातं केलं की ते वर्षानुवर्षं टिकायचं. अशी पाती हातोहाती देवघेव होत शेकडो किलोमीटर दूर पोचलेली सापडली आहेत. पण त्या खाणीतून कुणीही उठावं आणि दगड न्यावा, असं चालत नसे. खाण सांभाळणारी ठराविक माणसं होती, त्यांच्या परवानगीनंच दगड निघायचा. बिलिबेलरी नावाचा एक वडीलधारा त्यांच्यापैकीच एक. हे नाव लक्षात ठेवा, तो लगेच पुन्हा भेटणार आहे.

इंग्रज या किनाऱ्यावर पहिल्यांदा वस्ती करायला आले ते १८०३ साली. सोबत कैद्यांना घेऊन आले, कारण इंग्लंडमधले कैदी ऑस्ट्रेलियात पाठवायचे, असा तेव्हा त्यांचा खाक्या होता. जागा काही त्यांना मानवली नाही आणि थोड्याच महिन्यांत गाशा गुंडाळून ते निघून गेले. पण एक कैदी मागं राहिला. विल्यम बकली त्याचं नाव. सहा फुटांच्याही वर उंच असलेला हा गडी पळून गेला होता. उपाशीतापाशी भटकताना वदावुरंग लोकांनी त्याला आसरा दिला. त्यांच्यात तो किती वर्षं राहिला असेल? तब्बल ३२ वर्षं! त्यांची भाषा तो बोलायला लागला, मासे मारायला शिकला, त्यांच्यातलाच झाला. १८३५ साली इंग्रज पुन्हा आले आणि हा अंगावर कातडं पांघरून त्यांच्यासमोर उभा राहिला, तेव्हा त्याला धड इंग्रजी बोलता येईना. एक एक शब्द त्याला आठवावा लागला.

ते १८३५ साली आलेले लोक होते जॉन बॅटमनचे. हो, खरंच बॅटमन! हा होता मेंढ्या पाळणारा माणूस, शेजारच्या टास्मानिया बेटावरून कुरणं शोधत आलेला. त्यानं इथल्या वडीलधाऱ्यांशी एक करार केला. ब्लँकेटं, कुऱ्हाडी, सुऱ्या, आरसे आणि पीठ दिलं आणि त्या बदल्यात सुमारे सहा लाख एकर जमीन मला मिळाली, असं कागदावर लिहून घेतलं. त्या कागदावर ज्यांची नावं आहेत त्यांत आपला बिलिबेलरीही आहे. आता विचार करा. जो माणूस खाणीतला दगड न्यायची परवानगी देतो, पण खाण कधीच विकत नाही, त्याला 'जमीन कायमची विकली' ही कल्पना तरी सुचली असेल का? बहुधा त्यांना वाटलं असेल, पाहुण्यांना आपण इथं राहायची मुभा देतो आहोत.

सिडनीत बसलेल्या गव्हर्नर बर्कनं तो करार रद्द केला. वाचताना क्षणभर बरं वाटतं ना? पण कारण ऐका. ही जमीन इंग्लंडच्या राजाची आहे, ती विकणारे तुम्ही कोण, असं त्याचं म्हणणं होतं. ४० हजार वर्षं राहणाऱ्यांना विचारलंच नाही कुणी. हे अन्यायाचं होतं आणि ते अन्यायाचं होतं असंच म्हणायला हवं.

पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, मेजर मिचेल नावाचा अधिकारी सिडनीकडून बैलगाड्या घेऊन हा सगळा मुलूख पाहत गेला. मरनाँगसाठी उकरून उकरून माती इतकी मऊ झाली होती की गाड्यांची चाकं रुतायची. त्या चाकोऱ्या पुढं कितीतरी वर्षं दिसत राहिल्या. त्यांच्या मागानं मेंढ्यांचे कळप आले. मेंढ्यांना मरनाँग फार आवडली! नाकानं उकरून त्या मुळासकट खायच्या. खुरांनी माती घट्ट झाली, पाणी मुरेना. १८५१ पर्यंत तिथं सुमारे ६० लाख मेंढ्या होत्या आणि माणसं होती ७७ हजार. मरनाँग मात्र माळांवरून नाहीशी झाली. मूळ रहिवासी उपासमारीनं गेले, गोऱ्यांबरोबर आलेल्या रोगांनी गेले आणि कितीतरी बंदुकीच्या गोळ्यांनीही गेले.

हे सगळं सोनं सापडायच्या आधी झालं. म्हणून एवढा वेळ घेतला सांगायला.

१ जुलै १८५१ रोजी हा भाग सिडनीच्या कारभारातून वेगळा झाला. राणीच्या नावावरून त्याचं नाव पडलं व्हिक्टोरिया. नवं नाव, नवा कारभार, पण मेलबर्नच्या दुकानदारांचे चेहरे पडलेले. का? तर काही महिन्यांपूर्वी एडवर्ड हारग्रेव्ह्ज नावाच्या माणसानं सिडनीकडच्या भागात सोनं शोधलं होतं आणि मेलबर्नची माणसं तिकडं पळत सुटली होती. दुकानं ओस पडायला लागली. मग मेलबर्नकरांनी बक्षीस जाहीर केलं: शहरापासून २०० मैलांच्या आत जो कुणी सोनं दाखवेल त्याला २०० पौंड! महिनाभरात क्लून्सला सोनं निघालं. ऑगस्टमध्ये बॅलरॅटला निघालं आणि वर्ष संपायच्या आत बेंडिगोलाही. बेंडिगोत ते आधी हाती लागलं मार्गारेट केनेडी आणि ज्युलिया फॅरेल या दोघींच्या, असं सांगतात.

मग काय विचारता! मेंढपाळ मेंढ्या सोडून निघाले. मेलबर्नच्या बहुतेक पोलिसांनी नोकऱ्या सोडल्या. बंदरात जहाज लागलं की खलाशी उड्या टाकून पळायचे, त्यामुळे बंदरात रिकामी जहाजं नुसती डुलत उभी. पुढच्या काही वर्षांत इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, अमेरिका, चीन असे कुठून कुठून लोक येऊन थडकले. राहायला घरं कुठून आणणार? मेलबर्नच्या नदीपलीकडं तंबूंचं गावच वसलं. ७७ हजार लोकांच्या व्हिक्टोरियात दहा वर्षांनी ५ लाख ४० हजार लोक होते. १८५० च्या दशकात साऱ्या जगात जेवढं सोनं निघालं, त्यातलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त या एका प्रांताचं.

आता आपण ओढ्याकाठी जाऊ. सोनं काढतात कसं? तुमच्या गावात सराफांची पेठ असेल तर तुम्ही झारेकरी पाहिले असतील. सोनाराच्या दुकानाबाहेरची धूळ झाडून नेतात, घमेल्यात पाणी घालून हलवत राहतात आणि तळाशी सोन्याचे बारीक कण मिळवतात. ऑस्ट्रेलियातले सोनं धुणारे नेमकं तेच करत होते, फक्त धूळ सोनाराची नव्हती, ओढ्याची होती. मागचं विज्ञान सोपं आहे. एका लिटरच्या बाटलीत मधे जराही पोकळी न ठेवता दगड भरला तर वजन होईल अडीच किलोंच्या आसपास. तेवढीच बाटली सोन्यानं भरली तर वजन होईल १९ किलो! म्हणून पाणी फिरवलं की वाळू वाहून जाते आणि सोनं बूड सोडत नाही. नदीही हेच करते. डोंगरातून सुटलेलं सोनं पाण्याबरोबर येतं आणि पाणी जरा मंदावलं की वळणावर, खडकाच्या फटीत, खाली बसतं.

डोंगरात ते कुठून आलं? त्यासाठी आपल्याला ४४ कोटी वर्षं मागं जावं लागेल. तेव्हा इथं समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला वाळू-चिखल दाबला गेला, दुमडला गेला, त्याचे डोंगर झाले. खूप खोलवरून ३०० अंशांहून तापलेलं पाणी भेगांमधून वर चढलं. त्या पाण्यात किंचित सोनं विरघळलेलं होतं. वर येताना गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, भेगांत थिजली आणि सोनं तिच्यात अडकलं.

पण थांबा, इथं एक अडचण आहे. त्या पाण्यात सोनं असायचं अगदी नाममात्र. त्यातून बारीक कण तयार होतील, मान्य. मोठाले गोळे कसे झाले? हे कोडं शास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळत होतं. २०२४ साली मेलबर्नच्याच मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी एक मजेदार शक्यता मांडली. घरातला गॅसचा लायटर 'टक्' करून दाबला की ठिणगी पडते ना? आतल्या विशिष्ट पदार्थावर दाब पडला की वीज तयार होते, म्हणून ती ठिणगी. क्वार्ट्झमध्येही हाच गुण आहे! भूकंप झाला की जमिनीतल्या गारगोटीला हिसके बसतात, तिच्यात क्षणभर वीज खेळते आणि पाण्यात विरघळलेलं सोनं त्या विजेमुळे गारगोटीवर चढतं. सोन्यातून वीज छान वाहते, म्हणून पुढच्या भूकंपात नवं सोनं आधीच्या सोन्यावरच बसतं. असे हजारो भूकंप झाले की गोळा वाढत जातो. संशोधकांनी प्रयोगशाळेत क्वार्ट्झचे तुकडे सोन्याच्या द्रावणात ठेवून भूकंपासारखे हलवून पाहिले आणि त्यांच्यावर खरोखर सोनं चढलं.

आणि पृथ्वीवर तरी सोनं आलं कुठून? पृथ्वीनं ते बनवलेलं नाही. न्यूट्रॉन तारे नावाचे अतिशय घट्ट, मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशाच एका टकरीच्या लहरी शास्त्रज्ञांनी पकडल्या. त्या पकडणाऱ्या 'लायगो' नावाच्या यंत्रासारखंच एक यंत्र आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे. तुमच्यापैकी कुणी तिथं शास्त्रज्ञ म्हणून गेलं तर मला फार आनंद होईल!

चला, परत बॅलरॅटला. वरचं सोनं लवकरच संपलं. मग लोकांच्या ध्यानात आलं की जमिनीखाली जुन्या नद्या गाडल्या गेल्या आहेत! फार फार वर्षांपूर्वी वाहणाऱ्या नद्या, ज्यांच्या पात्रात सोनं साचलं होतं. नंतर कुठं त्यांच्यावर गाळ-माती चढली, तर कुठं ज्वालामुखीचा लाव्हा पसरून बसॉल्ट झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण असतो ना, त्याच जातीचा दगड. त्या गाडलेल्या नदीपर्यंत पोचायचं तर दहा मजली इमारतीच्या उंचीएवढी उभी विहीर खणायची. खणायला कित्येक महिने लागायचे. आत पाणी भरायचं, कडा ढासळायच्या. आणि तळ गाठेपर्यंत हातात एक छदामही नाही. तळाला नदी लागली तर लागली, नाहीतर शेजारच्याला लागली.

इथंच सरकारची चूक झाली. खणण्यासाठी परवाना लागायचा, सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंग. सोनं मिळो न मिळो, पैसे भरायचेच. परवाना सतत जवळ बाळगायचा. पोलीस येऊन ओरडले की चिखलातून वर चढून तो दाखवायचा. १८५४ मध्ये तर आठवड्यातून दोनदोनदा झडत्या सुरू झाल्या. या लोकांना मतदानाचा हक्कही नव्हता. म्हणजे कायदा करणार दुसरे आणि पैसे भरणार हे. बॅलरॅटच्या युरेका भागातल्या विहिरी फार खोल होत्या आणि राग उसळला तोही तिथंच. मला हे फार विलक्षण वाटतं. लाखो वर्षांपूर्वी एक नदी मातीखाली गेली नसती, तर तिथं ते बंड झालं असतं का, कोण जाणे.

नोव्हेंबरच्या शेवटी खाणवाल्यांनी परवाने जाळले. निळ्या कापडावर पांढरी फुली आणि पाच तारे असलेला झेंडा उभारून, पीटर लेलर नावाच्या आयरिश तरुणाच्या मागं त्यांनी शपथ घेतली. लाकडं रचून एक कच्चं कुंपण केलं. ३ डिसेंबरच्या रविवारी, उजाडायच्या आत, सैनिक त्याच्यावर चालून आले. अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोपलं. किमान २२ खाणवाले आणि काही सैनिक मेले. लेलरचा एक हात कापावा लागला. तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. पहिला उभा केला तो जॉन जोसेफ, अमेरिकेतून आलेला एक काळा माणूस. ज्यूरीनं त्याला निर्दोष ठरवलं आणि लोकांनी त्याला खुर्चीत बसवून मेलबर्नच्या रस्त्यांतून मिरवलं! पुढं बाकीचे बाराही सुटले. वर्षभरात तो परवाना गेला. त्याच्या जागी आला वर्षाला एक पौंडाचा 'मायनर्स राइट' आणि त्याच्यासोबत मत देण्याचा हक्क. एक हात गमावलेला लेलर निवडून आला आणि पुढं विधानसभेचा सभापतीही झाला. १८५६ मध्ये व्हिक्टोरियात गुप्त मतदान सुरू झालं: सरकारनं छापलेली मतपत्रिका घ्यायची आणि आडोशाला जाऊन खूण करायची. जगात ही पद्धत सगळ्यात आधी आणणाऱ्यांपैकी हा प्रांत. आपले आई-बाबा मतदान केंद्रावर त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं जातात ना, ते त्याच कल्पनेतून आलेलं.

हक्क मिळाले, पण सगळ्यांना नाही. चीनच्या दक्षिणेकडून आलेले लोक मेहनती होते. इतरांनी टाकून दिलेली माती पुन्हा धुऊन ते सोनं काढायचे. त्यावरून इतरांच्या पोटात दुखू लागलं. १८५५ मध्ये कायदा आला: व्हिक्टोरियाच्या बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागं १० पौंड कर. फक्त चिनी माणसामागं! मग जहाजं शेजारच्या प्रांतात, रोब नावाच्या छोट्या बंदरावर थांबू लागली आणि हजारो माणसं तिथून कावडी खांद्यावर घेऊन ४०० किलोमीटरहून जास्त चालत सोन्याच्या मुलखात पोचली. १८५७ मध्ये असाच एक तांडा वाटेत पाण्यासाठी थांबला असताना त्यांना सोनं सापडलं आणि त्या जागी अरारट हे गाव वसलं.

सोन्याच्या पैशातून मेलबर्न झपाट्यानं उभं राहिलं. विद्यापीठ उभारलं. १८५६ मध्ये मोठं वाचनालय उघडलं. त्यात प्रवेश कुणाला? चौदा वर्षांवरच्या कुणालाही, अट एकच: हात स्वच्छ हवेत! खाणीत काम करणाऱ्यांच्या प्रांतात ही अट मला फार गोड वाटते. १८५४ मध्ये तिथं ऑस्ट्रेलियातली पहिली आगगाडी धावली, आपली मुंबई–ठाणे गाडी धावल्यानंतर दीडेक वर्षानं. त्या गाडीचा रस्ता मेलबर्न क्रिकेट क्लबच्या मैदानातून जाणार होता, म्हणून १८५३ मध्ये क्लबला दुसरी जागा देण्यात आली. ती जागा म्हणजेच आजचं एम.सी.जी.! बॉक्सिंग डे कसोटी जिथं होते तेच.

आणि त्याच मैदानावर डिसेंबर २०२० मध्ये आपल्या अजिंक्य रहाणेनं कर्णधार म्हणून ११२ धावा केल्या, भारत जिंकला आणि सामनावीर म्हणून त्याच्या गळ्यात एक नवंकोरं पदक पडलं: जॉनी मुलाघ पदक. ते मिळवणारा अजिंक्य पहिला. कोण हा मुलाघ? त्याचं खरं नाव उनारिमिन. पश्चिम व्हिक्टोरियातल्या जार्दवाजली लोकांमधला. सोन्यामागं मेंढपाळ पळाले, तेव्हा मेंढ्यांच्या मळ्यांवर माणसं उरेनात आणि ज्यांची जमीन होती त्याच लोकांना तिथं कामाला ठेवण्यात आलं. तिथं पुढं त्यांच्यातली तरुण पोरं क्रिकेट शिकली. १८६८ मध्ये त्यांचा संघ इंग्लंडला गेला. परदेश दौरा करणारा ऑस्ट्रेलियाचा तो पहिला संघ. ४७ सामने खेळले. १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित. मुलाघनं १,६९८ धावा केल्या आणि २४५ बळीही घेतले!

त्यांची भूमी मात्र तोवर ओळखू येईनाशी झाली होती. झाडं विहिरींच्या आधारासाठी आणि जळणासाठी गेली. धुतलेल्या मातीचा रबरबीत चिखल वर्षानुवर्षं नद्यांमध्ये सोडला गेला आणि मैलोन् मैल शेतांवर पसरला. त्याचे थर आजही नदीकाठी सापडतात. जा जा वुरंग लोक आपल्या या मुलखाला 'उलथापालथ झालेली भूमी' म्हणतात. आत होतं ते वर आलं आणि वर होतं ते गाडलं गेलं. २०१३ मध्ये त्यांच्यात आणि व्हिक्टोरिया सरकारात एक मोठा करार झाला. ते या भूमीचे मूळ मालक आहेत हे सरकारनं मान्य केलं. आता काही ठिकाणी मरनाँगची रोपं पुन्हा लावली जात आहेत.

मेलबर्नमध्ये आज कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. तिथं राहणाऱ्या आपल्या वाचकांनो, बॅलरॅट तुमच्यापासून आगगाडीनं दीडेक तासावर आहे. सॉव्हरिन हिल नावाच्या संग्रहालयात तुम्हाला स्वतः ओढ्यावर बसून सोनं धुता येईल. युरेकाचा खराखुरा, फाटका झेंडाही बॅलरॅटमध्येच आहे. आणि 'मायनर्स राइट' अजून मिळतो बरं का! तो घेऊन, धातुशोधक यंत्र खांद्यावर टाकून लोक आजही रानात फिरतात. २०२३ मध्ये अशाच एका हौशी माणसाला ४.६ किलोचा दगड सापडला, त्यात २.६ किलो सोनं निघालं.

त्याआधी, २०१५ मध्ये, आणखी एकाची वेगळीच फजिती झाली. मेरीबरो गावाजवळ त्याच्या यंत्रानं आवाज केला आणि मातीतून एक लालसर, भलताच जड दगड निघाला. आत सोनं असणार, अशी त्याची खात्री. करवत लावली, ड्रिल लावलं, ॲसिड ओतलं, घण घातला. दगड हूं की चूं करेना! काही वर्षांनी तो वैतागून मेलबर्नच्या संग्रहालयात घेऊन गेला. तिथल्या शास्त्रज्ञांनी हिऱ्याच्या करवतीनं त्याची चकती कापली. सोनं नव्हतंच. ती १७ किलोंची अशनी होती, आकाशातून पडलेली, ४६० कोटी वर्षं वयाची. सोन्याचे खडे व्हिक्टोरियात हजारोंनी सापडले आहेत. अशनी तोवर, हिला धरून, सापडल्या होत्या फक्त १७.